कादवेकाठची गोल वाट

तासगावच्या माणसाला द्राक्षबाग बघायला नाशिकला बोलावणं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला गूळ खायला पुण्याला नेण्यासारखं आहे. हे वाक्य माझं नाही, आमच्या ह्यांचं. घराला कुलूप लावल्यापासून नाशिक रोडला उतरेपर्यंत ते मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी त्यांनी तोंड उघडलं की मीच म्हणून टाकायला लागले.

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. तासगावजवळ आमची बेदाण्याची शेड आहे. फेब्रुवारी संपत आला की जाळ्या झाडा, रॅक तपासा, बागांतून हिंडून माल ठरवा, अशी धांदल सुरू होते. ऐन अशा वेळी दोघांनीही घर सोडायचं, आणि तेही कशासाठी, तर चालायला! पण बोलावणं प्राजक्ताचं होतं. प्राजक्ता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, दिंडोरी तालुक्यात कादवा नदीच्या काठी दिलेली. ती सहसा काही मागत नाही. या वेळी फोनवर म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघं आला नाहीत तर माझी वाट होणारच नाही." मग काय करता? जाळ्या राहिल्या जागेवर.

शनिवार: मिसळ

प्राजक्ता गाडी घेऊन घ्यायला आली होती. तिने आम्हाला घरी न नेता आधी मिसळ खायला नेलं. नाशिककरांना पाहुण्याला मिसळ घातल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तीही द्राक्षबागेच्या कडेला, झाडाखाली, खाटेवर बसवून. मिसळीबरोबर पापड, दही, वर जिलबी. ह्यांनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. "चांगली हाय. पण हिला मिसळ का म्हणायचं? तिखट कुठाय?" शेजारच्या खाटेवरचे दोघे वळून बघायला लागले. मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला. दुसरी वाटी तर्री मात्र ह्यांनीच मागून घेतली, हे इथे नोंदवून ठेवते.

खाता खाता प्राजक्ताने आपला बेत सांगितला. टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून तिने एक गोल काढला. हे घर. इथून कादवेच्या काठाकाठाने शेजारपाजारच्या बागांच्या कडेने जायचं. इथे नदी सोडून वर चढायचं, तर महादेवाचं जुनं दगडी देऊळ. देवळामागच्या टेकाडावरून वळसा घालून पुन्हा घरी. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला परत. चढ फारसा नाही, म्हातारी माणसं नि लहान मुलंही आरामात येतील. सुट्टीच्या दिवशी नाशिकची माणसं गाड्या काढून येतात, वाइन पितात, फोटो काढतात आणि जातात. बाग आतून कुणी बघतच नाही. तिला ती दाखवायची होती. चालायचं, देऊळ बघायचं, तिच्या घरी बाजरीची भाकरी खायची.

"मग अडलंय कुठं?" ह्यांनी विचारलं.

तिने गोलाच्या एका जागी बोट ठेवलं. नदी आणि देऊळ यांच्या मधोमध दौलततात्यांची बाग होती. बाकी सगळ्यांनी हो म्हटलं होतं. तात्या मात्र तयार नव्हते. त्यांचा माल परदेशी जाणारा, आणि अनोळखी माणसं बागेत नकोत हा त्यांचा हट्ट. त्यांनी वाट दिली नाही तर देवळाला जायला डांबरी रस्ता, त्यावर सारखे ट्रॅक्टर आणि पिकअप. त्यावरून चालणार कोण? म्हणजे देऊळ न बघता गेल्या वाटेनेच परत. गोल तुटला की त्यात राम नाही.

"शेवटी तात्या म्हणाले, आधी तुझ्या माहेरची माणसं चालवून दाखव, मग बघू. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. आणि काका, तुमच्याइतकी द्राक्षातली जाणती माणसं मी तात्यांना दुसरी कुठली दाखवू?"

ह्यांनी छाती फुगवली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रात्री भांडी आवरताना ती मला हळूच म्हणाली, "बाग सागरची, गोठा सासूबाईंचा. मला कुणी काही कमी करत नाही गं. पण माझं म्हणून काय आहे इथे?" सागर म्हणजे तिचा नवरा. तो माल घेऊन पिंपळगावला गेला होता. चांगला मुलगा आहे. पण हा प्रश्न नवरा चांगला असल्याने सुटणारा नव्हता, आणि मला तिची फार माया आली. म्हटलं, उद्या काही झालं तरी ही वाट झालीच पाहिजे.

रविवार: काठाकाठाने

सकाळी इतका गारठा होता की ह्यांनी मफलर डोक्याला गुंडाळला. आमच्याकडे या दिवसांत उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. इथे बागांवर धुकं उतरलेलं, नदीतून वाफा निघत होत्या. आमची येरळा नदी या सुमाराला वाळूचं पात्र होऊन पडलेली असते. कादवेला मात्र पाणी होतं, पलीकडच्या काठापर्यंत संथ, आणि त्यात बगळे एका पायावर उभे. हे बराच वेळ नदीकडे बघत राहिले. त्यांना काय वाटतंय ते मला कळत होतं. पाणी बघितलं की दुष्काळी मुलखातल्या माणसाला हेवा वाटतोच.

वाट म्हणजे बांध, कुठे बैलगाडीची जुनी चाकोरी, कुठे दोन बागांमधली मोकळी पट्टी. डोक्याइतक्या उंचीवर तारांचे मांडव, त्यावर पानांचं छत, खाली हिरवट उजेड. एका ठिकाणी ठिबकची नळी फुटून चिखल झाला होता. त्यात माझी चप्पल रुतली आणि मी एका पायाने लंगडी घालत काठावर आले. एका बागेत खुडा चालू होता. पेठ तालुक्यातून आलेल्या बाया डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घालून घड कापत होत्या. घड देठाला धरायचा, कापायचा, अलगद क्रेटमध्ये ठेवायचा. त्यातल्या एकीने मला विचारलं, "कोन गावच्या?" तासगाव म्हटल्यावर तिला काही बोध झाला नाही. म्हटलं, "लांब. तिकडेही द्राक्षं असतात." ती हसली. "मंग इकडं काय बघाया आल्या?" ह्यांना ते फार पटलं.

पुढच्या बागेत मात्र आम्ही दोघेही थबकलो. मांडवाखाली द्राक्षं दिसतच नव्हती, नुसते कागद लटकत होते. प्रत्येक घडाभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून स्टेपलरने टाचलेला. प्राजक्ताने सांगितलं की इथल्या थंडीत मणी गुलाबी पडतात आणि हिरव्या द्राक्षात गुलाबी मणी निघाला की परदेशात माल नाकारतात, म्हणून पेपर लावतात. आमच्याकडे अशी थंडी पडत नाही, त्यामुळे हा प्रकार आम्हाला नवाच. हे मान वाकडी करून घडांवरच्या बातम्या वाचत चालू लागले. कुठे निवडणूक, कुठे राशिभविष्य, कुठे अर्धं शब्दकोडं. एका घडावरची क्रिकेटची बातमी अर्ध्यावर संपली, तर उरलेली शेजारच्या घडावर आहे का ते बघायला ते वाकले. मी आणि प्राजक्ता हसून हसून बेजार झालो.

तात्यांची बाग

बांध ओलांडला की तात्यांची बाग. समोर चढावर देवळाचा काळा, कळस तुटलेला माथा दिसत होता. कडेला मोटरची खोली, तिच्या ओट्यावर माठ. तात्या तिथेच उभे होते. सत्तरीचे असतील, ताठ, पांढरी टोपी, हातात कात्री. प्राजक्ताने ओळख करून दिली. "काका तासगावचे, बेदाणेवाले."

"या पाहुणे," तात्या म्हणाले. "परवा खुडा लागायचाय. तेव्हढं जपून चाला."

पुढे मी, मागे प्राजक्ता आणि तात्या, सगळ्यात मागे हे. मी तात्यांना देवळाचं काही विचारत होते, तेवढ्यात तात्या बोलता बोलता थांबले. मी मागे वळून बघितलं. ह्यांनी एका घडाचा पेपर सोडवला होता. नुसता सोडवला नव्हता, डाव्या तळहातावर घड घेऊन उजव्या अंगठ्याने एकेक मणी चोळून, दाबून, फिरवून बघत होते. शेजारच्या चार-पाच घडांचे पेपरही उघडे पडले होते.

हे का होतं ते सांगायला हवं. बेदाण्याची द्राक्षं बागेतून आणली की औषधी पाण्यात बुडवायची आणि जाळीवर पसरायची. त्यांच्या दिसण्याला काही किंमत नाही. बघायचा तो गर. म्हणून बेदाणेवाला बागेत शिरला की घड हातात घेतो, मणी चोळतो, दाबतो. ह्यांची बोटं हेच काम जन्मभर करत आली आहेत, डोक्याला न विचारता. पण खायच्या द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरकी झाक असते, इथले लोक तिला लस्टर म्हणतात. बोट लागलं की ती पुसली जाते, पुन्हा येत नाही, आणि तसा घड परदेशी पेटीत जात नाही.

"पाहुणे, हात काढा आधी," तात्या म्हणाले.

ह्यांनी हात काढला. कुठल्याही समजूतदार माणसाने इथे माफी मागून गप्प बसावं की नाही? पण हे म्हणाले, "गर भरलाय चांगला. आमच्यात असं बघूनच..."

"तुमच्यात असंल. हे घड आता माझ्या पेटीत नाय जायचे." तात्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच जास्त लागत होता. ते प्राजक्ताकडे वळले. "द्राक्षातली मानसं म्हणून आणले ना तू यांना? द्राक्षवाले असं करू ऱ्हायले, मंग शहरातले लोक काय करतील? नाय पोरी. वाट नाय जमायची. इथूनच माघारी फिरा."

प्राजक्ताने खाली बघून उघडे पडलेले पेपर गोळा केले आणि पुन्हा घडांना गुंडाळायला लागली, अगदी देठाला धरून, हलक्या हाताने. ह्यांचा चेहरा तर मला बघवेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना असं ओशाळलेलं मी पाहिलं नव्हतं. "माझं चुकलं हो," ते तात्यांना म्हणाले. "हात ऐकत न्हाईत माझं. सवय हाय." तात्यांनी नुसतं हूं केलं.

मला ह्यांचा राग आला होता, तात्यांचा आला होता आणि स्वतःचाही, कारण ह्यांना मागे मोकळं सोडलं ते मीच. पण देऊळ समोर दिसत होतं. तासगावहून इथवर येऊन महादेवाला पाठ दाखवून फिरायचं माझ्या जिवावर आलं. मी तात्यांना म्हटलं, "दादा, वाटेचं राहू द्या. आम्हाला एकदा देवापर्यंत जाऊ द्या. ह्यांच्या हातांचा बंदोबस्त मी करते."

"कसा करता?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात तोवर काहीच नव्हतं. नजर माठावर गेली. तिथला तांब्या उचलला, नदीवर उतरले, गळ्यापर्यंत नव्हे, अगदी काठोकाठ भरला आणि आणून ह्यांच्या दोन्ही हातांत दिला. म्हटलं, "हे महादेवाला घालायचं पाणी. एक थेंब सांडला तर घरी जाऊन बघते." नातवाला शेडवर नेताना त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी देते ना, त्यातलाच प्रकार. मुलगा असो की आजोबा, रिकामे हात म्हणजे उचापती.

तात्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "चला," म्हणाले, "मी मागं येतो."

अशी आमची वरात निघाली. पुढे हे, दोन्ही हातांत तांब्या छातीशी धरून, नजर पाण्यावर, पाऊल मोजूनमापून. दोन्ही बाजूंना कागदात गुंडाळलेले हजारो घड लोंबत होते. ह्यांनी एकाकडेही मान वर करून बघितलं नाही. त्यांच्या मागे ह्यांच्या हातांवर डोळे लावून तात्या, मग आम्ही दोघी. मफलर घसरून ह्यांच्या नाकावर आला तरी तो सारायला त्यांना हात नव्हता, म्हणून ते फुंकर मारत चालले होते.

अर्ध्यावर आल्यावर तात्या म्हणाले, "माझी आई याच वाटेनं पानी न्यायची देवाला. रोज. तव्हा इथं बाग नव्हती, भुईमूग होता. मांडव घातला अन् वाट मोडली."

देऊळ

देऊळ लहान आहे. आमच्या तासगावच्या गणपतीचं गोपूर लांबून माणसाला हाक मारतं. हे तसं नाही, जवळ गेल्यावर कळतं. काळा दगड, चुना नाही की माती नाही, दगडात दगड बसवलेला. यादवांच्या काळातलं म्हणतात. शिखर अर्धं ढासळलंय, पण सभामंडपाचे खांब जागच्या जागी आहेत आणि त्यांना हात लावला की दगड लोण्यासारखा गुळगुळीत लागतो. एका खांबावर आरसा धरून कुंकू लावणारी बाई कोरलेली आहे. गाभाऱ्याच्या चौकटीवर खालपासून वरपर्यंत दगडी वेल चढत गेलीय. ह्यांनी ती निरखून बघितली आणि म्हणाले, "ह्या वेलीची छाटणी कुणी केलीच न्हाई."

तात्या मोठ्याने हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

ह्यांनी वाकून पिंडीवर पाणी घातलं. तोवर तांब्या बऱ्यापैकी भरलेला होता, हे मी कौतुकाने सांगते. मग तात्यांनी उपरण्याची गाठ सोडली. आत ह्यांनी चोळलेले ते घड होते. मी पाणी आणायला नदीवर गेले तेवढ्यात त्यांनी ते कापून घेतले होते. त्यांनी ते पिंडीजवळ ठेवले, हात जोडले आणि म्हणाले, "देवाला लस्टर लागत नाय." मग त्यातलाच एक उचलून ह्यांच्या हातात दिला. "घ्या पाहुणे. आता चोळा पाहिजे तेव्हढा."

आम्ही पायरीवर बसून ती द्राक्षं खाल्ली. गार, कडक, दाताखाली कट्कन फुटणारी. ह्यांनी तोंडातला मणी संपवला, नदीकडे बघितलं आणि म्हणाले, "गोड हाय. आमच्यापेक्षा काकणभर जास्तच." हे वाक्य मी तासगावात कुणाला सांगू नये अशी मला ताकीद आहे.

प्राजक्ता खांबाला टेकून बसली होती. तिने एकही मणी तोंडात घातला नव्हता. तात्या तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझे लोक असंच पानी आनतील का?"

तिला आधी कळलंच नाही. "असंच म्हणजे?"

"दोन्ही हातांनी. नदीवरून इथवर. म्हाताऱ्या मानसाला छोटा तांब्या, पोरांना गडू. पन हात भरलेले पायजे. एक बी रिकामा नको."

ती उठून उभी राहिली. "आणतील तात्या. मी आणीन."

"मंग आन." तात्यांनी टोपी नीट केली. "आई गेल्यापासून या वाटेनं देवाला पानी नव्हतं आलं. आज आलं, ते बी तासगाववाल्याच्या हातून." आणि ते उठून बागेकडे उतरायला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत प्राजक्ता तशीच उभी होती, मग माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. हे बिचारे घड हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिले. टेकाडावरून वळसा घालून घरी पोचलो तेव्हा सासूबाईंनी भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. आम्ही ज्वारीवाले, पण त्या दिवशी भाकऱ्या किती खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही.

घरी आल्यावर

परतल्यावर आम्ही कामात बुडालो. शेडवर माल यायला लागला, ह्यांची बोटं पुन्हा हवं ते करायला मोकळी झाली. एका रविवारी भर दुपारी प्राजक्ताचा फोन आला. नाशिकहून पहिली मंडळी आली होती, दोन कुटुंबं आणि एक आजी. सगळ्यांनी पाणी नेलं. आजींनी तर दुसरी खेप मागितली. तात्या स्वतः पुढे चालले, कुठे वाकायचं, कुठे तार खाली आहे ते सांगत.

"मावशी, देवळापाशी त्या आजींनी तात्यांना विचारलं, ही वाट कुणाची हो? सरकारनं केली का?" ती सांगत होती. "मी सून होऊन आले तेव्हापासून तात्या मला नावाने हाक मारत नाहीत. पोरी म्हणतात, नाहीतर सागरची बायको. चारचौघांत तर सागरची बायकोच. मला वाटलं, आता म्हणतील गावाची वाट, नाहीतर आमच्या आईची."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, ही आमच्या प्राजक्ताची वाट."

शेडमध्ये पंखे घरघरत होते, हे लांबून काय झालं काय झालं म्हणून खुणा करत होते. मग पलीकडून कुणीतरी तिला हाक मारलेली ऐकू आली.

"ठेवते मावशी," ती घाईने म्हणाली, "तांबे कमी पडतायत."